पेंढीचा आळा



चाळीस वर्षं झाली, मी नारदाच्या गादीवर उभा राहतो आहे. कीर्तन संपलं, आरती झाली, की लोक पाया पडायला येतात आणि हळूच काहीतरी विचारतात. शास्त्रातला कठीण प्रश्न फार थोडे विचारतात. बाकीच्यांचे प्रश्न दोनच. बाई असेल तर म्हणते, "महाराज, सकाळी उठल्यापासून चूल, पोरं, म्हैस, म्हातारी सासू. देवाचं नाव घ्यायला फुरसत नाही. माझा परमार्थ कधी होणार?" आणि दुसरा प्रश्न, ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याचा. तो मान खाली घालून विचारतो, "महाराज, माळ घातली, वाऱ्या केल्या, ज्ञानेश्वरीची पारायणं केली, तरी डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. माझी भक्ती कच्ची म्हणायची का?"

आज या दोन प्रश्नांचाच विचार करू. वरून वेगळे दिसतात, पण मूळ एकच आहे. दोघांनाही वाटतं की घर एकीकडे आणि देव दुसरीकडे, आणि घराकडे जितकं मन जाईल तितका देव लांब जातो.

असं जर असतं, तर मायबाप हो, पंढरपूर झालंच नसतं. ऐका.

देव पंढरीला आला कशासाठी? पुंडलिकाने यज्ञ केला नाही, अरण्यात तपाला बसला नाही. तो घरात म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपत बसला होता. आणि हा पुंडलिक जन्मापासून सज्जन होता असंही कथा सांगत नाही. पूर्वी यानंच आईबापांना छळलं होतं. काशीच्या वाटेवर त्याचे डोळे उघडले, तो माघारी फिरला आणि सेवेला लागला. देव दारात आला तर हा म्हणतो, हातातलं काम झाल्यावर येतो, तोवर यावर उभा राहा, आणि वीट टाकली. देव रागावला का? निघून गेला का? कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अजून उभा आहे. आपण आषाढीला लाखोंनी जातो, कळसाचं दर्शन घेतो, चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकरायाला हात जोडतो. तो सगळा सोहळा उभा आहे कशावर? एका मुलानं आईबापांचे पाय चेपले, त्यावर. ज्या बाईला वाटतं की सासूचं पथ्यपाणी करण्यात परमार्थ बुडाला, तिनं त्या विटेकडे एकदा नीट बघावं.

आणि देव तिकडे आलाच का होता, हेही आपल्याकडे सांगतात. रखुमाई रुसली होती. द्वारकेत राधेवरून मनात आलं, उठली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिची समजूत काढायला देव मागोमाग आला. पंढरीत आजही विठोबाचं दर्शन वेगळं आणि रखुमाईचं दर्शन वेगळं. दोघं एका गाभाऱ्यात नाहीत. गावातली म्हातारी माणसं हसून सांगतात, रुसवा अजून गेला नाही. हसण्यावारी नेऊ नका. नवरा-बायकोचं रुसणं आणि मुलाची सेवा, या दोन घरगुती गोष्टींवर आपलं पंढरपूर बसलेलं आहे.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता दुसरा. हा जड आहे.

कोणी म्हणेल, महाराज, प्रेम ठीक आहे, पण प्रेमातूनच मोह येतो आणि मोहातून दुःख. मग प्रेम कमी करावं की नाही? माउलींनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची स्थिती सांगताना भुंग्याचा दृष्टांत दिला आहे. भुंगा कसलंही वाळलेलं कठीण लाकूड पोखरून बाहेर पडतो, पण कमळाची कळी मिटली की त्या कोवळ्या पाकळीत अडकतो. ताकद कमी पडली का? नाही. स्नेह कठीण असतो, कोवळा असूनही कठीण असतो. महादेवाशी झुंजलेला अर्जुन नात्यापुढे मटकन खाली बसला. माउलींनी त्या स्नेहाची थट्टा केलेली नाही. त्याचं बळ दाखवलं आहे. भगवंतांनी पुढे सतरा अध्याय अर्जुनाची समजूत काढली, ती त्याचं रडणं ऐकून घेतल्यावर. आधी त्याला पोटभर बोलू दिलं.

कोणी गोरोबाकाकांची गोष्ट काढतो. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना नामात इतके दंग झाले की पायाखाली लेकरू आलेलं कळलं नाही. बघा, म्हणे, भक्त असा असावा, पोर गेलं तरी भान नाही. मी विचारतो, गोष्ट अर्धी का सांगता? पाणी घेऊन परत आलेल्या त्या माउलीनं टाहो फोडला. संतचरित्रानं तो टाहो झाकून ठेवलेला नाही. तिला कुठे अज्ञानी म्हटलेलं नाही. आणि गोष्टीच्या शेवटी देवानं काय केलं? त्या आईचं लेकरू रांगत तिच्याकडे आणून दिलं. तिला तत्त्वज्ञान सांगितलं नाही.

आता मुख्य चरित्राकडे येऊ. शके 1218, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. ज्ञानोबाराय समाधीला बसले. वय एकवीस. नामदेवराय तिथे होते. त्यांनी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि समाधीच्या अभंगांत लिहून ठेवला. नामदेवरायांच्या मुलांनी, नारा, विठा, गोंदा, महादा यांनी, समाधीची जागा झाडून साफ केली. निवृत्तिनाथांनी हाताला धरून माउलींना आत नेलं आणि बाहेर आल्यावर द्वारावर शिळा लावली.

क्षणभर थांबा आणि निवृत्तिनाथ कोण ते आठवा. हे नुसते थोरले भाऊ नव्हेत. हे गुरू. गहिनीनाथांकडून आलेली विद्या ज्ञानोबांना यांनीच दिली. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, हे ज्यांनी माउलींना शिकवलं ते हे. ब्रह्मज्ञानात यांच्या वर त्या ठिकाणी कोणी नव्हतं. आणि नामदेवराय लिहितात की निवृत्तिनाथांना शोक आवरेना. आईबाप आम्हाला टाकून गेले तेव्हासुद्धा असं संकट वाटलं नव्हतं, असं म्हणाले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तेव्हा ही चार लेकरं होती, जगानं वाळीत टाकलेली. त्याहून आजचं दुःख मोठं, असं गुरू म्हणतो आहे.

तिथे नामदेवरायांनी दोन दृष्टांत दिले आहेत, दोन्ही शेतकऱ्याच्या घरातले. एक फुटलेल्या तळ्याचा. बांध गेला की पाणी मिळेल त्या वाटेनं धावतं. दुसरा पेंढीचा. गवताची पेंढी ज्या पिळानं बांधतात त्याला आपण आळा म्हणतो. आळा तोही गवताचाच. पेंढीतल्या काडीसारखीच काडी, वेगळी काही नाही. पण तो सुटला की सगळं गवत वाऱ्यावर रानभर होतं.

आणि झालंही तसंच. वर्षाच्या आत सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी मेहूणजवळ विजेच्या कडकडाटात, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. चार भावंडं, चार दिशा. आळा सुटला होता.

मी आळंदीत चार वर्षं शिकलो, माधुकरी मागून राहिलो. हे अभंग तेव्हाच पाठ झाले. शेकडो वेळा यावर बोललो. पण पेंढीचा आळा म्हणजे काय, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. आमच्या घरातून गेली तेव्हा.

स्वतःचं गादीवरून सांगू नये, असा आमच्या गुरुजींचा दंडक. आज मोडतो, कारण चूक माझी आहे आणि ती सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही.

ती गेली त्या रात्री लेक सासरहून आली. आईच्या पायाशी बसून मोठ्यानं रडायला लागली. मी म्हटलं, "बाळ, असं करू नये. आत्मा अमर आहे. देह म्हणजे जुनं वस्त्र." चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात हेच बोलत आलो, ते तोंडातून आपोआप निघालं. लेकीनं मान वर केली आणि म्हणाली, "आबा, हे कीर्तनात सांगा. आत्ता नका सांगू. आत्ता इथं माझ्याजवळ बसा."

मी बसलो. पण मनात राग आला, खरं सांगतो. एवढा ज्ञानेश्वरी सांगणारा बाप आणि लेक म्हणते गप्प बसा.

महिन्याभरानं एका सप्ताहात कीर्तनाला उभा राहिलो. पूर्वरंग नीट झाला. घसा बसायला लागला म्हणून सवयीनं झोळीत हात घातला. झोळीत एक छोटी पुरचुंडी असते. ज्येष्ठमधाचे तुकडे, खडीसाखर, दोन-चार लवंगा. जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवून तिनं केली होती, आणि मी बाहेर पडायच्या आधी ती भरून ठेवायची. मी कधी सांगितलं नाही, कधी विचारलंही नाही. चाळीस वर्षांत पुरचुंडी रिकामी अशी हाताला लागली नव्हती. त्या दिवशी तळाला फक्त साखरेची कणी लागली.

माझा आवाज गेला. पुढचा शब्द येईना. समोर पाचशे माणसं. मृदंगवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ठेका सोडला नाही. गाणाऱ्यांनी चाल उचलली, टाळकरी पुढे झाले. दहा मिनिटं त्यांनी भजन चालवलं आणि मी त्यांच्या मधोमध उभा राहून रडलो. कोणी थांबवलं नाही, कोणी "महाराज, आत्मा अमर आहे" म्हटलं नाही. नंतर आवाज परत आला.

त्या रात्री मला निवृत्तिनाथ कळले. ज्ञान खोटं पडलं म्हणून ते रडले नाहीत. ज्ञान होतंच, आणि प्रेमही होतं. आत्मा अमर आहे हे खरं, आणि पुरचुंडी भरणारा हात गेला हेही खरं. एक खरं दुसऱ्याला खोटं पाडत नाही. म्हणून ज्यानं मला विचारलं की भक्ती कच्ची का, त्याला मी सांगतो, बाबा, गुरूंचे गुरू ज्या ठिकाणी रडले तिथे तू रडलास. तू वाट चुकलेला नाहीस.

पण मग शोकातच राहायचं का? नाही. आपल्या वाडवडिलांनी त्याचीही वाट घालून दिली आहे, आणि ती घराघरांत आहे. रोजची म्हणून आपण तिच्याकडे बघत नाही.

ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. मग शेजारपाजारचे, भावकीतले भाकरी-पिठलं करून आणतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. बळेबळे चार घास खायला लावतात. अन्न तेच, पण तोंडाला चव नाही म्हणून कडू. आता विचार करा, हा घास आणणारी बाई काय सांगते? ती एक अक्षर बोलत नाही. ती सांगते, तुझी चूल विझली तरी गावातली चूल विझलेली नाही. मी म्हणतो, पंगतीतल्या महाप्रसादाइतकाच हा प्रसाद आहे.

तसंच दहाव्याचं. नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवेना की घरातले पुढे होऊन मोठ्यानं बोलतात. "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ." "शेत विकणार नाही." "आईला अंतर देणार नाही." कावळा का येतो, का येत नाही, यावर वाद घालणारे घालू देत. मी त्या अर्ध्या तासाकडे बघतो. एरवी जे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, ते चारचौघांत, उघड्या आभाळाखाली, गेलेल्या माणसाला शब्द देतात. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल, याचा त्या दिवशी सगळं घर विचार करतं. जिवंतपणी असा विचार आठवड्यातून एकदा केला तर किती बरं होईल, महाराज! आमच्या वेळी लेक पुढे झाली आणि म्हणाली, "आई, आबांच्या बीपीच्या गोळ्यांचं मी बघीन." मी ज्ञान सांगून गप्प केलेली लेक. तिनं शब्द दिला आणि आजवर पाळला. रोज सकाळी आठ वाजता फोन येतो, "घेतली का?"

आता तुकोबारायांकडे बघा. मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, मान गेला. पहिली बायको अन्नासाठी तळमळून गेली, लेकरू गेलं. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे, लपवलेलं नाही. आणि त्याच आत्मकथनात पुढे काय येतं? देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते बांधावं असं मनात आलं. बघा हं, घर मोडलेल्या माणसानं काय केलं? समोर दुसरं काही मोडलेलं होतं ते बांधायला घेतलं. आणि वडिलांच्या वेळेपासूनची लोकांकडच्या येण्याची खतपत्रं होती, त्यातली आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवून टाकली. स्वतः दुष्काळाचा मार खाल्लेला माणूस, दुसऱ्याच्या गळ्यातला फास सोडवतो. दुःखानं माणूस आंबटही होतो आणि दुःखानं माणूस गोडही होतो. फरक कुठे पडतो? हात कुठे लागतो, तिथे.

माझा हात कुठे लागावा, हे मला एका म्हाताऱ्या बाईनं दाखवलं. ते सांगून थांबतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका गावी माझं कीर्तन होतं, ही पण बरोबर आली होती. त्या दिवशी गावात एका बाईचा तरणा मुलगा विहिरीत पडून गेला. मला तिच्या दारात नेलं. मी काय बोललो? "माउली, देवाला जो आवडतो त्याला तो लवकर नेतो." लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चांगलं बोललो.

आमच्या घरातलं दुःख झाल्यावर हे वाक्य मला रात्री-रात्री आठवायचं. मलाच जर कोणी त्या दिवशी असं म्हटलं असतं तर? म्हणून गेल्या वर्षी त्या भागात गेलो तेव्हा मुद्दाम तिच्या घरी गेलो. सत्तरीची झाली होती, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी हात जोडले. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी तुम्हाला फार कोरडं बोललो. माफ करा."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "महाराज, तुम्ही काय बोललात ते मला काहीच आठवत नाही हो. त्या दिवशी मला काही ऐकूच येत नव्हतं. पण तुमच्या माई माझ्याजवळ रात्रभर बसल्या होत्या. पहाटे त्यांनी भाकरी दुधात कुस्करली आणि लेकराला भरवावी तशी मला भरवली. तेवढं आठवतं. कशा आहेत माई?"

मी काय सांगणार? सांगितलं, गेल्या. तिनं शेंगांचं सूप बाजूला केलं, उठली, आत गेली आणि ताटलीत भाकरी आणि दूध घेऊन आली. म्हणाली, "बसा. माझ्याकडून तुमचा कडू घास राहिला होता."

मायबाप हो, चाळीस वर्षं मी गादीवरून बोललो. ती कधी गादीवर उभी राहिली नाही. पण त्या रात्रीचं कीर्तन तिनं केलं, आणि त्याचा प्रसाद वीस वर्षांनी माझ्या ताटात आला. पेंढीचा आळा सुटतो हे खरं. पण सुटण्याआधी तो किती काड्या एकत्र बांधून गेला, हे नंतर कळतं. आता त्या काड्यांपैकी एकीनं पुढे होऊन आळा व्हायचं असतं. आळा गवताचाच असतो, हे विसरू नका. तुमच्या-माझ्यासारखीच काडी लागते.

म्हणून आज घरी जाताना तीन गोष्टी घेऊन जा. घरातल्या ज्या माणसाचा हात तुमची पुरचुंडी न सांगता भरतो आहे, त्याला आज रात्री नावानं हाक मारा आणि दोन शब्द बोला. ज्यांच्याशी बोलणं तुटलंय, त्यांना द्यायचा शब्द पिंडापर्यंत ठेवू नका. आणि गावात कोणाची चूल विझली, तर जाऊन ज्ञान सांगू नका. भाकरी घेऊन जा, जवळ बसा, तोंडात नाम असू द्या आणि ते मनातल्या मनात घ्या.

आता टाळ उचला, आणि ज्याचं कोणी गेलंय त्यानं त्याला आठवून म्हणा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पुसू नका. मृदंग चालू राहील.

रामकृष्णहरी. ज्ञानोबा माउली तुकाराम.